मूळ नक्षत्राशेजारचे शीघ्रकोपी

जून-जुलैत महाराष्ट्राचं आकाश ढगांच्या ताब्यात असतं. मस्कतकरांची तेव्हा चैन! शहराच्या दिव्यांपासून लांब गेलं की दक्षिणेला अख्खा वृश्चिक. त्याच्या नांगीजवळ, मूळ नक्षत्राच्या थोडं वर, मस्कतहून पाहिलं तर क्षितिजापासून जास्तीत जास्त 33 अंशांवर, दोन शीघ्रकोपी तारे आहेत. आकाशात त्यांच्यात अंतर जेमतेम पूर्णचंद्राच्या रुंदीएवढं. दिसणार मात्र एकही नाही. त्यांचे क्ष-किरण वातावरणातच अडतात. तीन हजार मीटरच्या जबल शम्सवर दुर्बीण चढवली तरी व्यर्थ.

हे न्यूट्रॉन तारे. वजन सूर्याहून जास्त, आकार मस्कत विमानतळ ते मत्रा या रस्त्यात मावेल एवढा. जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला हायड्रोजन-हेलियम अंगावर साचतो, तापतो आणि एकदम पेटतो. काही सेकंदांत बाहेर पडलेल्या ऊर्जेसाठी सूर्याला काही दिवस खपावं लागेल!

खुराक वाढला की पुढच्या स्फोटाची वेळ लवकर येते. धनू राशीतला जीएस 1826-24 तर घड्याळ लावून भडकायचा: 1997-98 मध्ये दर पावणेसहा तासांनी, 2002 मध्ये साडेतीन तासांनी.

टरझान 5 या तारकागुच्छातल्या एकाने 2010 च्या ऑक्टोबरात कहर केला. खुराक वाढत गेला तसे स्फोट इतके जवळ आले की फोडणीतल्या मोहरीसारखे एकमेकांत मिसळले; वेगळा स्फोट म्हणून ओळखूच येईना. खुराक ओसरल्यावर पुन्हा सुटे झाले.

आता नांगीजवळच्या जोडीकडे. एकाचं नाव ‘रॅपिड बर्स्टर’, 1976 चा शोध. हा जळण्याआधीच भडकतो: भोवती साचलेला माल ढिगाढिगाने अंगावर कोसळतो. याची शिस्त उधारीसारखी रोखठोक, मोठा स्फोट केला की पुढच्यासाठी जास्त थांबायचं.

दुसरा 4यू 1728-34, ऊर्फ ‘स्लो बर्स्टर’. नावावर जाऊ नका. हा सेकंदाला 363 गिरक्या घेतो. 8 मार्च 2016 रोजी त्याच्या एका स्फोटात याच गिरक्यांची थरथर भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने टिपली, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत घडलेल्या लॅक्सपीसी उपकरणाने. विषुववृत्ताशी फक्त 6 अंश कललेल्या कक्षेमुळे हा उपग्रह ना मस्कतच्या डोक्यावरून जातो, ना मुंबईच्या.