पाणी म्हणजेच नीरु

सांगली जिल्ह्याचा जत तालुका कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला आहे. तेथील कित्येक घरांत कानडी बोलतात. कचेरीत मात्र मराठी. आटपाडी-खानापुरातून आणि साताऱ्याच्या माण-खटावातून सोन्याचांदीच्या गलाईसाठी दूर दक्षिणेत गेलेल्या कुटुंबांचे याच्या उलट असते: घरात मराठी, दाराबाहेर परभाषा. अशी मुले दोन्ही भाषा सहज उचलतात, हे तुम्ही पाहिलेच असेल.

पण समजा, जतमधील अशाच एका घरातले तीन वर्षांचे मूल फारसे बोलत नाही. हाकेला वळत नाही, बोटाने दाखवलेल्या वस्तूकडे पाहत नाही, ऐकलेले वाक्य तसेच्या तसे उच्चारते. प्रथम त्याचे कान तपासून घ्यायला हवेत. ते ठीक असतील, तर ही लक्षणे स्वमग्नतेची असू शकतात. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या नोंदींवरून तिचे वर्णन केले होते.

शेजारी लगेच म्हणतात, ‘‘दोन भाषांनी गोंधळ उडालाय. कानडी बंद करा!’’ पूर्वी पुष्कळ तज्ज्ञही असेच सांगत. सल्ला पटण्याजोगा वाटतो खरा. पण २०१२ साली कॅनडातील संशोधकांनी एकभाषी आणि द्विभाषी स्वमग्न मुलांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा दुसऱ्या भाषेमुळे मुले अधिक मागे पडल्याचे दिसले नाही. स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असते, कानावर पडणाऱ्या भाषेत नव्हे.

चूक होते ती मोजण्यात. मुलाला मराठीतले ‘ये’, ‘चेंडू’, ‘गाडी’, ‘भाकरी’ आणि कानडीतले ‘बा’, ‘नीरु’, ‘हालु’ येतात, असे धरा. अंगणवाडीत चारच शब्द मोजले जातील. प्रत्यक्षात ते सात आहेत. ‘ये’ आणि ‘बा’ यांचा अर्थ एकच. म्हणजे कल्पना सहा!

आता कानडी बंद केली तर काय होईल? आजीला मराठी येत नाही. ती गप्पच बसेल. आई मोडक्या मराठीत कामापुरते बोलेल. ज्या मुलाला मुळातच देवाणघेवाण अवघड, त्याच्या वाट्याची देवाणघेवाण आणखी आटेल. म्हणून ज्याने त्याने आपल्या सवयीच्या भाषेतच बोलावे, पण वाक्ये लहान ठेवावीत आणि मूल पाहत असेल त्याच वस्तूचे नाव घ्यावे. मग थोडे थांबावे. हे थांबणे मोठ्यांना फार जड जाते.

पाण्याच्या पेल्याचे एकच चित्र घरी आणि अंगणवाडीत ठेवता येईल. ते दाखवून आजी ‘नीरु’ म्हणेल, बाई ‘पाणी’ म्हणतील. मुलाने नुसते चित्राला बोट लावले, तरी पेला लगेच त्याच्या हाती द्यावा.