विझलेल्या दिव्याची जुनी गाडी

हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात नोकरीस आलेली माणसे बदली झाली किंवा परदेशी जायचे ठरले की आपल्या गाड्या विकून टाकतात. घरासाठी वा दुकानासाठी जुनी गाडी शोधणाऱ्या व्यापारी कुटुंबांना हा बाजार सोयीचा वाटतो. गाडी बहुधा एकाच्याच हातची असते, कागदपत्रे नीट असतात आणि किलोमीटरचा आकडाही लहान दिसतो. हा आकडा मात्र जपून वाचावा. वाकडहून हिंजवडीकडे निघालेली गाडी सकाळच्या कोंडीत फारशी पुढे सरकत नाही, पण तिचे इंजिन चालूच असते. ते तास त्या आकड्यात कुठेच नोंदले जात नाहीत.

डिझेल गाडीत ही गोष्ट सर्वांत महाग पडते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ मानकांमुळे डिझेल मोटारींना धुरातील काजळी अडवणारी डीपीएफ नावाची गाळणी आली. महामार्गावर काही वेळ सलग वेगाने गाडी चालली की ही काजळी जळून जाते. रोज पाच-सात किलोमीटर रखडणाऱ्या गाडीत तशी संधी मिळत नाही, गाळणी तुंबते, आणि नवी बसवणे सोसवत नाही. त्यामुळे कमी चाललेली डिझेल गाडी ही दरवेळी चांगली खरेदी ठरत नाही.

गाडीत असा काही दोष उत्पन्न झाला की समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. तो स्थिर असेल तर सवडीने तपासणी करून चालते. लुकलुकत असेल तर इंजिनात इंधन नीट जळत नाही असे समजावे. तशीच गाडी दामटल्यास धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ शकतो.

खरी अडचण न लागणाऱ्या दिव्याची आहे. साध्या स्कॅनरने नोंदलेला दोष दोन मिनिटांत पुसता येतो. दिवा विझतो, दोष तसाच राहतो, आणि आठवड्याभरात तो नव्या मालकाच्या पदरी पडतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटा वा भेसळीचा माल खपवणे. दिवा पुसून गाडी विकणे याहून वेगळे कसे मानावे? आपली गाडी विकणाऱ्या श्रावकालाही हा प्रश्न लागू पडतो.

ही लबाडी ओळखता येते. इंजिन सुरू न करता किल्ली फक्त ‘ऑन’ करावी. त्या वेळी दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर त्याची जोडणी तोडलेली असण्याचा संभव आहे. नंतर आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून स्कॅनर लावून ‘रेडिनेस मॉनिटर’ पाहून घ्यावेत. दोष नुकताच पुसला असेल तर गाडीच्या या अंतर्गत चाचण्या अपूर्ण दिसतात. त्या पुऱ्या व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. अलीकडे बॅटरी काढली असली तरी त्या अपूर्ण दिसू शकतात, तेव्हा लगेच आरोप न करता चार दिवसांनी पुन्हा तपासणी मागावी. विक्रेता त्याला नकार देत असेल तर व्यवहार तिथेच सोडावा.

सगळेच दोष मोठे नसतात. इंधनटाकीचे झाकण सैल राहिल्यानेही काही गाड्यांत दिवा लागतो. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राउंड फिगर’साठी आणखी पेट्रोल भरून घेण्याची आपली सवयही नडते, जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो खराब होऊ शकतो. चढावर गाडी दम सोडत असेल तर आधी इंधनाचा फिल्टर व पंपाचा दाब तपासावा. इंजेक्टर बदलण्याचा सल्ला त्याआधी मिळाला तर तो मानू नये.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत टाकीतले पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते. त्यात इथेनॉल असल्याने ते हवेतील ओलावा शोषते, म्हणून गाडी अधूनमधून पेट्रोलवर चालवावी. किट नंतर बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसी पुस्तकात असावी आणि सिलिंडरच्या दर तीन वर्षांच्या दाब-चाचणीचा दाखला मूळ प्रतीत पाहून मगच बयाणा द्यावा.