सळईच्या पोटातील रांगोळी

'जालना, सोने का पालना' ही जुनी म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी या गावात लोखंडाच्या भट्ट्या नव्हत्या. आज जालन्याची ओळख बियाण्यांइतकीच सळईने होते. दूरदूरचे भंगार येथे येते, इंडक्शन भट्टीत वितळते, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळ्या होऊन त्या महाराष्ट्रभरच्या बांधकामांवर जातात. आपल्या समाजातील कित्येक घरांचा चरितार्थ या धंद्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर चालतो. कोणी भंगाराचा व्यापारी, कोणी मिलमालक, कोणी तालुक्याच्या गावी सिमेंट-लोखंडाचे दुकान चालवणारा.

या साऱ्या व्यवहाराचे माप टन हे आहे. बँकेच्या स्टॉक स्टेटमेंटमध्येही टनच लिहिले जातात. वजनाखेरीज दुसरी चौकशी झालीच, तर ती रासायनिक घटकांची. भट्टीतून नमुना काढून स्पेक्ट्रोमीटरवर ठेवला की कार्बन किती, गंधक किती, फॉस्फरस किती, याचे आकडे मिळतात. सराफाच्या दुकानातील यंत्रही क्ष-किरणांच्या साहाय्याने दागिन्याला ओरखडा न पाडता सोन्याचा कस सांगते. मात्र सोने आणि पोलाद यांत एक मोठा भेद आहे. सोन्याचे मोल त्याच्या शुद्धतेत असते. पोलादाचे मोल घटकांबरोबरच त्यांच्या मांडणीत असते. घटक तंतोतंत सारखे असलेल्या दोन सळ्यांपैकी एक वाकते आणि दुसरी तडकते, हे यामुळेच शक्य होते.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीची घरे माणसांवर कोसळली, ते मराठवाडा विसरलेला नाही. २६ जानेवारी २००१ रोजी भूजच्या भूकंपात तर दूरच्या अहमदाबादमधील काँक्रीटच्या बहुमजली इमारतीही पडल्या. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. ताण सळईने सोसायचा असतो. तोही असा, की ती एकदम तुटता कामा नये, आधी लांबली पाहिजे. भारतीय मानक १७८६ मध्ये एफई-५०० या प्रतीच्या सळईने तुटण्यापूर्वी निदान १२ टक्के लांबावे, तर एफई-५०० डी प्रतीने निदान १६ टक्के, अशी अट आहे. त्याच 'डी' प्रतीत गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. दुकानात गिऱ्हाईक भाव विचारते, हे चार टक्के सहसा कोणी विचारत नाही.

आता मांडणी म्हणजे काय, ते पाहू. अंगणातील ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणावी. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके आणि मधोमध एक. हीच रांगोळी सपाट न ठेवता घनाकृती केली, आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि पोटात एक, की साध्या तापमानाचे लोखंड झाले. या घनाची बाजू किती? एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग केले, तर त्यांतील जेमतेम तीन भागांएवढी. लोखंड ९१२ अंश सेल्सिअसच्या वर तापले की रांगोळी बदलते: मधला अणू नाहीसा होऊन घनाच्या सहाही पृष्ठांच्या मध्यभागी अणू येतात. या दुसऱ्या मांडणीत कार्बन कितीतरी अधिक सामावतो. धातू पुन्हा थंड होताना त्या कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते की नाही, यावर पोलादाचा स्वभाव ठरतो.

टीएमटी सळईची सारी करामत या सवडीत आहे. मिलमधून लालभडक सळई बाहेर पडताच तिच्यावर जोराने पाणी मारतात. बाहेरचा थर क्षणात थंड होतो, कार्बन आत अडकून पडतो आणि अतिशय कठीण असे कडे तयार होते. गाभ्यात मात्र उष्णता शिल्लक असते. ती बाहेर येताना त्या कड्याचा कडकपणा थोडा उतरवते आणि गाभा सावकाश निवून मऊ, लवचीक राहतो. सळईचा काप घासून त्यावर सौम्य नायट्रिक आम्ल फिरवले, की हे काळपट कडे डोळ्यांनाही दिसते. पण कड्यात नेमकी कोणती रांगोळी किती प्रमाणात आहे आणि तिच्यावर किती ताण साचून राहिला आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. तेथे क्ष-किरण लागतात.

रोंटगेन यांनी क्ष-किरण १८९५ मध्ये शोधले. १९१२-१३ मध्ये लाउए आणि ब्रॅग पिता-पुत्र यांनी दाखवून दिले, की स्फटिकावर पडलेले हे किरण ठरावीक कोनांतच परततात आणि त्या कोनांवरून अणूंच्या थरांतील अंतर काढता येते. सळई ताणली की हे अंतर किंचित वाढते, दाबली की घटते. म्हणजे अणू स्वतःच मोजपट्टी होतात. अडचण एवढीच, की साध्या क्ष-किरण नळीचा प्रकाश मंद असतो. धातू तापत, निवत किंवा ताणला जात असताना त्याच्या आत क्षणाक्षणाला काय घडते, हे टिपण्यास तो पुरत नाही.

हा तोकडेपणा सिंक्रोट्रॉनने भरून काढला. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकाने वळवले, की वळणावर त्यांच्यापासून प्रकाश सुटतो. चिखलातून भरधाव निघालेल्या चाकावरून शिंतोडे सरळ रेषेत उडावेत, तसा. २४ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो प्रथम डोळ्यांना दिसला. इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देण्याच्या खटाटोपात हा प्रकाश म्हणजे निव्वळ तोटा, अशीच पुढे कित्येक वर्षे समजूत होती. नंतर त्या तोट्यासाठीच यंत्रे उभारली जाऊ लागली. सरकी एकेकाळी कापसाची अडगळ होती आणि पुढे तिच्या तेला-पेंडीवर गिरण्या चालल्या, त्यातलाच हा प्रकार.

असे यंत्र पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. अजिंठ्याचा घाट उतरावा, खानदेश मागे टाकावा, नर्मदा ओलांडावी की इंदूर. तेथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी १९८४ मध्ये झाली; डॉ. दिलीप देविदास भवाळकर हे त्याचे संस्थापक-संचालक. इंडस-१ हे लहान वलय १९९९ मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर असून त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. वलयातून निघणाऱ्या प्रकाशाच्या वाटांवर वेगवेगळी दालने आहेत. काही ठिकाणी स्फटिकांची मांडणी तपासतात, तर एका ठिकाणी किरणांचा सूक्ष्म ठिपका नमुन्यावरून फिरवून कोणते मूलद्रव्य कोठे साचले आहे, याचा नकाशा काढतात.

हा नकाशा जालन्याच्या विशेष कामाचा आहे. भंगारात मोटारींचे वायंडिंग, तारा यांबरोबर तांबे येते. ते भट्टीत जळत नाही, मळीबरोबरही निघत नाही, पोलादातच राहते. बिलेट पुन्हा तापवताना पृष्ठभागावरील लोखंडाची खपली होते, तांब्याची होत नाही. त्यामुळे खपलीखाली तांबे गोळा होते, सुमारे १,०८५ अंशांना वितळते आणि धातूच्या कणांमधील सीमांत शिरते. मग रोलिंगमध्ये भेगा पडतात आणि दोष कारागिराच्या माथी जातो. रासायनिक अहवाल तांब्याचे एकूण प्रमाण सांगतो. ते नेमके कोठे जमले, हे सांगत नाही.

मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. इंदूरच्या दालनांत सामान्यतः वापरले जाणारे क्ष-किरण लोखंडात केसाच्या जाडीएवढेच शिरतात, त्यामुळे पृष्ठभाग किंवा पातळ काप तपासावा लागतो. अख्ख्या सळईच्या आरपार पाहायचे, तर फ्रान्समधील ग्रेनोबल किंवा जपानमधील स्प्रिंग-८ यांसारख्या अधिक ऊर्जेच्या वलयांकडे जावे लागते. शिवाय रोजच्या मालाची तपासणी हे या यंत्रांचे काम नव्हे. त्यासाठी ताण-चाचणी आणि वाक-चाचणी पुरेशा आहेत, फक्त त्या प्रामाणिकपणे केल्या पाहिजेत.

इंडस-२ वर विद्यापीठांतील व संशोधन संस्थांतील अभ्यासकांना प्रस्ताव पाठवून काम करता येते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल तर जालन्यातच आहे. धातुशास्त्राकडे वळलेली मुले-मुली आता आपल्याही घरांत आहेत. वाक-चाचणीत एक सळई उतरली आणि तेच रासायनिक आकडे असलेली दुसरी तडकली, असा प्रसंग मिलमध्ये आला, तर दोन्हींचे तुकडे पुन्हा भंगारात टाकण्यापूर्वी रुपयाएवढा एकेक काप बाजूला काढून ठेवता येईल. इंदूरला जाणाऱ्याच्या खिशात ते दोन्ही सहज मावतात.