‘डा’ ऐकताना आजीच्या मेंदूत काय होतं?

एक वही तोंडासमोर धरा, म्हणजे तुमचे ओठ दिसणार नाहीत. टीव्ही चालूच राहू दे. आता नेहमीच्या आवाजात विचारा, ‘‘आजी, काडी कुठंय गं?’’ बरेचदा उत्तर येईल, ‘‘गाडी? बाबा घेऊन गेला की.’’ मग टीव्ही बंद करा, वही खाली घ्या आणि तेच पुन्हा विचारा. ‘‘काडी होय! ती बघ ओट्यावर काडेपेटी. पण तुला कशाला हवीय?’’

कान तेच, शब्द तोच. मग मघाशी अडलं कुठं?

गळ्यावर बोट ठेवून ‘गाडी’ आणि ‘काडी’ म्हणून पाहा. ‘ग’ म्हणताना गळ्यातली थरथर आधीच सुरू होते, ‘क’ म्हणताना जराशी उशिरा. सेकंदाच्या अगदी छोट्या तुकड्याचा हा फरक. तेवढ्या वेळात मेंदूला ठरवायचं असतं, की आजीने काडेपेटी शोधायची की बाबाची वाट पाहायची! म्हणून ओरडून सांगण्याचा फारसा उपयोग होत नाही. ओरडलं की ‘आ’ आणि ‘ई’ मोठे होतात, ‘क’ मात्र होता तसाच इवलासा राहतो.

कानांची नेहमीची तपासणी तुम्ही कदाचित पाहिली असेल. एका शांत, बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात आणि बारीक-जाड सूर ऐकवतात. साधारण 250 ते 8000 हर्ट्झपर्यंतचे. ऐकू आलं की बटण दाबायचं. आपल्या प्रत्येक कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत सुमारे 15,000 केसपेशी असतात. त्या आवाजाची थरथर पकडतात. एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. वय वाढतं तशा बारीक सुरांच्या पेशी आधी थकतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटायला लागतात. हे सगळं या तपासणीत कळतं.

पण काही आजी-आजोबांचा या तपासणीतला आलेख चांगला येतो, आणि तरी लग्नाच्या हॉलमध्ये ते म्हणतात, ‘‘ऐकू येतंय रे, पण कळत नाही.’’ मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. ते अगदी अचूक आहे! ऐकणं कानाचं काम, कळणं मेंदूचं. मग मेंदूचं काम तपासायचं कसं?

1953 साली कॉलिन चेरी नावाच्या शास्त्रज्ञाने एक युक्ती केली. हेडफोनच्या एका बाजूला एक मजकूर, दुसऱ्या बाजूला वेगळाच. ऐकणाऱ्याने एकाच कानातला मजकूर मोठ्याने म्हणत जायचं. गर्दीत आपल्याला हवा तोच आवाज मेंदू कसा निवडतो, हे त्याला शोधायचं होतं. आज मोठ्या माणसांना अशाच प्रकारे दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात आणि सगळे सांगायला लावतात. तुम्हीही करून पाहा. दोन मित्रांना दोन बाजूंना उभं करा आणि एकाच वेळी दोन-दोन आकडे हळूच कानात म्हणायला सांगा. भलतं अवघड जातं!

आणखी एका चाचणीत ‘खर्रर्र’ असा सलग आवाज लावतात आणि मधेच तो क्षणभर बंद करतात. क्षणभर म्हणजे किती? 2 ते 20 मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तरुण कानांना पाच-सहा मिलिसेकंदांची फटसुद्धा सहसा कळते. म्हातारपणी फट मोठी लागते.

या चाचण्यांमध्ये माणसाला उत्तर द्यावं लागतं. पण समजा, आजोबा दमले असतील, कंटाळले असतील, तर? तेव्हा थेट मेंदूलाच विचारायचं. डोक्याच्या टाळूवर, कपाळावर आणि कानाच्या पाळीवर छोट्या चकत्या चिकटवतात. कानात ‘टक् टक्’ असा आवाज सोडतात. प्रत्येक ‘टक्’नंतर कानाच्या नसेपासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत विजेच्या बारीक लाटा धावतात, आणि हा सगळा प्रवास 10 मिलिसेकंदांच्या आत होतो. 1971 मध्ये डॉन ज्युएट आणि जॉन विलिस्टन यांनी माणसातल्या या लाटा नीट नोंदवून दाखवल्या. त्या इतक्या लहान, की एका व्होल्टचा दहा लाखावा भागसुद्धा भरत नाही. मेंदूतल्या इतर गडबडीत त्या बुडून जातात. म्हणून तोच आवाज हजारो वेळा ऐकवतात आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढतात. गडबड दर वेळी वेगळी असते, ती एकमेकींना खोडून टाकते. लाट दर वेळी त्याच जागी येते, ती उरते. काय झकास युक्ती आहे! उत्तर द्यावं लागत नाही, त्यामुळे नुकत्याच जन्मलेल्या बाळाचीही तपासणी अशीच करता येते.

अमेरिकेत शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नीना क्राऊस यांच्या प्रयोगशाळेत ‘टक्’ऐवजी ‘डा’ हे अक्षर ऐकवतात. माणूस खुर्चीत आरामात बसून आवाज बंद केलेला सिनेमा बघतो, आणि कानात चालू असतं डा, डा, डा... मेंदूतून जी लाट मिळते, ती दिसायला मूळ आवाजाच्या लाटेसारखीच असते. ती स्पीकरमधून वाजवली तर ऐकूही येते! 1995 मध्ये गॅलब्रेथ या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शब्द ऐकणाऱ्यांच्या अशा लाटा दुसऱ्यांना वाजवून दाखवल्या, तर त्यांना ते शब्द ओळखू आले. म्हणजे एकाच्या मेंदूत घुमलेला शब्द दुसऱ्याने ऐकला.

वय झालेल्या मेंदूत ‘डा’मधला लांब ‘आ’ जवळजवळ वेळेवर उमटतो. उशीर होतो तो ‘ड’कडून ‘आ’कडे जाताना. नेमका तोच भाग पटकन बदलणारा. मेंदूत काही पेशींचं काम शेजारच्या पेशींना गप्प बसवणं हेच असतं. उतारवयात त्यांचा जोर कमी पडतो आणि एकापाठोपाठ येणारे आवाज एकमेकांत मिसळतात.

2013 साली याच प्रयोगशाळेने दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. लहानपणी काही वर्षं वाद्य शिकलेल्या आणि पुढे ते सोडून दिलेल्या आजी-आजोबांचा मेंदू हा पटकन बदलणारा भाग इतरांपेक्षा लवकर टिपत होता, साधारण एका मिलिसेकंदाने. वाद्य हातातून सुटून कित्येक दशकं झाली होती, तरीही! यावरून वाद्यामुळेच हे झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण खूण जोरदार आहे. दुसरा प्रयोग 55 ते 70 वर्षांच्या माणसांवर होता. एका गटाने आठ आठवडे संगणकावर जवळजवळ सारख्या अक्षरांमधला फरक ओळखण्याचा सराव केला. दुसऱ्या गटाने तेवढेच दिवस माहितीपट पाहून प्रश्नांची उत्तरं दिली. मग पुन्हा चकत्या चिकटवल्या, पुन्हा ‘डा, डा, डा’. माहितीपटवाल्यांची लाट होती तिथेच होती. सराव केलेल्यांची लाट पूर्वीपेक्षा लवकर आली, आणि गोंगाटात बोललेलंही त्यांना जास्त चांगलं कळायला लागलं होतं.