शाळेच्या बागेतील अवजारांची शेड : खरी किफायत कशात आहे?

शाळेची बाग ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणात मानाचे स्थान दिले. आज शालेय पोषण आहार योजनेतही परसबागेस उत्तेजन दिले जाते आणि अनेक शाळांतील मुलांच्या ताटात स्वतः लावलेली मेथी व शेवगा येऊ लागला आहे. परंतु बाग आली की अवजारे आली, आणि अवजारांना जागा लागतेच. कुदळी वर्गाच्या कोपऱ्यात, खताचे पोते धान्याच्या खोलीत आणि झारी मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली, असे चित्र शाळाभेटीत वारंवार दिसते. यास्तव बागेलगत लहानशी शेड उभारण्याचा विचार अनेक शाळा व्यवस्थापन समित्या करीत आहेत. ती निवडताना कोणत्या बाबी पाहाव्यात, हे सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एक अनुभव सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी एका गावी लोकवर्गणीतून अशी शेड उभी राहिली. मोलमजुरी करणाऱ्या एका आजीबाईंनी त्या दिवसाच्या मजुरीतले शंभर रुपये सभेतच काढून दिले होते. तीन दरपत्रके आली, सर्वांत कमी दराचे स्वीकारले गेले, आणि तो तक्ता पाहून मीही संमती दिली. दुसऱ्याच वर्षी वळवाच्या वाऱ्यात छप्पर उडून शेजारच्या शेतात पडले. रविवार होता म्हणून मुले वाचली. पुढे ग्रंथालयाच्या कपाटासाठी वर्गणीचा विषय निघाला तेव्हा सभेत कोणी विरोध केला नाही, पण कोणी बोललेही नाही. पत्रे पुन्हा आणता येतात. गावाचा विश्वास पुन्हा मिळवावयास फार वर्षे लागतात. चूक कमी दर स्वीकारण्यात नव्हती. दर मागविण्यापूर्वी आम्हांस नेमके काय हवे हे आम्ही लिहिलेच नव्हते, ही ती चूक होती.

गरज प्रथम मोजावी

शेडचे माप विक्रेत्यास विचारू नये. शाळेतील कुदळ, फावडे, पहार, दंताळे, खुरपी, विळे, घमेली, झाऱ्या व पाण्याचा पाइप अंगणात मांडावा, वावरण्यास जागा सोडून भोवती खडूने चौकोन आखावा आणि तो मुलांकडून मोजून घ्यावा. लांब दांड्याची अवजारे भिंतीवर टांगल्यास जमीन मोकळी राहते. साधारण शाळेस ८ फूट लांब व ६ फूट रुंद जागा पुरते. यापेक्षा मोठी शेड हळूहळू मोडक्या बाकांचे कोठार होते.

त्यानंतर, स्वतंत्र शेड हवीच काय, हाही प्रश्न विचारावा. शाळेची एखादी भक्कम, बिनखिडकीची भिंत असेल तर तिला टेकून पडवी काढता येते. एक भिंत आयती मिळाल्याने खर्च वाचतो आणि वाऱ्याचा मारही कमी बसतो. मात्र मुख्य छपराच्या वळचणीचे पाणी पडवीत शिरणार नाही, अशी सांध्याची व्यवस्था झाली पाहिजे.

पत्रा व छप्पर

विक्रेता ‘चांगला पत्रा’ म्हणतो तेव्हा जाडी विचारावी. ०.३० मि.मी. पत्र्यात ०.५० मि.मी. पत्र्याच्या मानाने पाचांपैकी तीनच भाग लोखंड असते. रंग व पन्हळी सारख्याच असल्यामुळे डोळ्यांस फरक कळत नाही. जवळच्या माध्यमिक शाळेतील स्क्रूगेजने जाडी मोजता येते. पत्र्यावरील जस्ताचा थर हे त्याचे खरे चिलखत होय. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडास गंजू देत नाही. थर पातळ असेल, किंवा समुद्राकाठची खारी हवा असेल, तर हे चिलखत लवकर संपते. म्हणून कोकणात जांभ्याच्या भिंती व कौले मिळत असल्यास त्यांचा विचार आधी करावा.

छपरास ६ फूट रुंदीत दीड फूट तरी उतार असावा आणि पत्रा चारही बाजूंनी सुमारे ९ इंच बाहेर यावा. स्क्रू अथवा हुकाचे बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर, रबरी वॉशरसह बसवावेत. खोलगट भागातून पाणी वाहते. तेथे पाडलेले भोक पहिल्याच पावसाळ्यात गळू लागते. जुन्या इमारतीचे काढलेले सिमेंटचे पत्रे फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतो. असा पत्रा कापताना किंवा फुटताना त्याचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे फुप्फुसांत जातात व पुढे कर्करोगासही कारण होतात.

पाया व सांगाडा

वारा छपरास वरून दाबतो त्यापेक्षा खालून उचलतो अधिक. यामुळे केवळ जमिनीवर ठेवलेली तयार शेड कितीही देखणी असली तरी पूर्ण समजू नये. खांब खड्ड्यात काँक्रीटने पक्के बसवावेत. काळी जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तेथे मुरूम लागेपर्यंत खोल जावे. जोते आसपासच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच ठेवावे. लोखंडी अँगलच्या वेल्डिंग केलेल्या जागा गंजरोधक रंगाने झाकाव्यात. लाकूड वापरल्यास वाळवीचा विचार करावा आणि ते ओल्या मातीत पुरू नये.

ज्या भागांत बांबू सहज मिळतो व गावात कारागीर आहेत, तेथे कुडाच्या भिंतींची शेड हाही कमी प्रतीचा पर्याय नव्हे. बांबू काही आठवडे पाण्यात भिजवून वाळविल्यास कीड कमी लागते. दरवर्षी श्रमदानाने डागडुजी होणार असेल तर अशी शेड पत्र्याच्या शेडपेक्षाही स्वस्त पडते. डागडुजीची खात्री नसेल तर मात्र तो मार्ग धरू नये.

दरपत्रके मागविण्याची रीत

तीन विक्रेत्यांनी तीन निरनिराळ्या वस्तूंचे दर दिले तर त्यांची तुलना होऊच शकत नाही. म्हणून प्रथम एका कागदावर पुढील बाबी लिहाव्यात : शेडचे माप, पत्र्याची जाडी, अँगलचे माप, खड्ड्याची खोली, जोत्याची उंची, दाराचा कडी-कोयंडा व बिजागऱ्या, वाहतूक, उभारणीची मजुरी, कर आणि हमीचा काळ. हाच कागद तिघांसही द्यावा. मगच सर्वांत कमी दर हा खरोखर कमी ठरतो. माल उतरताना तोच कागद हाती घेऊन तपासणी करावी, आणि त्यानंतरच देयक मंजूर करावे.

किंमत नव्हे, वर्षाचा खर्च

हिशेबाची रीत समजावी म्हणून काही आकडे धरू. एक शेड १४,००० रुपयांची व ४ वर्षे टिकणारी आहे. तिचा वर्षाचा खर्च ३,५०० रुपये झाला. दुसरी २७,००० रुपयांची असून १५ वर्षे टिकते. तिचे वर्षाला १,८०० रुपये पडतात. रंगकाम व किरकोळ दुरुस्तीचे ५०० रुपये मिळविले तरी २,३०० रुपयेच होतात. दिसण्यात महाग असलेली शेड वस्तुतः स्वस्त ठरली. एवढी रक्कम एकदम हाती नसल्यास यंदा जोते, खांब व छप्पर पक्के करावे आणि भिंती पुढील वर्षी घालाव्यात. परंतु पाया व सांगाडा यांत काटकसर करू नये.

एक नियम बिनअपवाद

शेडमध्ये काय ठेवावयाचे नाही, हेही ठरले पाहिजे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील एका प्राथमिक शाळेत मध्यान्ह भोजनातून कीटकनाशकाची विषबाधा होऊन २३ बालके दगावली. हे स्मरून शाळेच्या आवारात कीटकनाशक मुळीच आणू नये, बागेस कंपोस्ट खतच घालावे. धान्य, तेल अथवा स्वयंपाकाची भांडी या शेडमध्ये एक दिवसही ठेवू नयेत, आणि कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊनसुद्धा वापरू नये. धारदार अवजारे मुलांच्या हातास सहज लागणार नाहीत अशी टांगावीत. दारास कुलूप असावे व किल्ली एका ठरलेल्या शिक्षकाकडे राहावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, या शेडच्या निमित्ताने वर्गातही पुष्कळ काम होऊ शकते. क्षेत्रफळ, सरासरी व शेकडेवारी यांची जिवंत उदाहरणे मुलांस मिळतात. पाचवी ते सातवीच्या मुलांनी वर्षाच्या खर्चाचा तक्ता स्वतः तयार करून ग्रामसभेत वाचून दाखवावा. ज्या गावात पैशाचा हिशेब मुलेच वाचून दाखवितात, तेथे पुढील वर्गणीच्या वेळी सभा गप्प राहत नाही. वर सांगितलेल्या गावी आम्ही पुढे हेच केले. दुसरी शेड उभी राहण्यास तीन वर्षे लागली. आजीबाईंनी पुन्हा शंभर रुपये दिले. मात्र देण्यापूर्वी पत्रा किती जाडीचा आहे, हे त्यांनी विचारून घेतले.