पाण्याचा नमुना कोणत्या विहिरीतून घेणार?

महाराष्ट्रात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून नव्या धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रम लागू झाला. त्यात पहिल्याच सत्रात ‘संशोधन पद्धती’ हा चार श्रेयांकांचा विषय आला आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला. म्हणजे संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना आता संशोधन करावेच लागणार आहे. चांदूर रेल्वेहून बडनेऱ्यामार्गे अमरावतीला शिकायला जाणाऱ्या आमच्या शेतमजुरांच्या लेकरांसाठी ही संधी आहे, असे आम्ही मानतो. मात्र ही संधी कागदावर राहणार की वस्तीपर्यंत पोहोचणार, हा खरा प्रश्न आहे.

असा प्रश्न विचारण्याला कारण आहे. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिला होता. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी पन्नास तासिकांचा अभ्यासक्रम तयार केला. त्यातल्या पाच तासिका प्रत्यक्ष क्षेत्रकार्यासाठी होत्या आणि शंभरपैकी पंचवीस गुण त्यालाच होते. हेतू उत्तम होता. पण बहुतेक ठिकाणी झाले काय? झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणायचा, त्यावर आपले नाव टाकायचे आणि पंचवीस गुण घ्यायचे. ओझोनच्या थराला पडलेले छिद्र वहीत छान रंगवले गेले, पण वस्तीतल्या तुंबलेल्या नालीवर एक ओळही कुणी लिहिली नाही. आता पदव्युत्तर स्तरावर तेच होणार असेल, तर चार श्रेयांकांचा काय उपयोग?

संशोधन पद्धती म्हणजे जड शब्दांची यादी नव्हे. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एखाद्या गावाच्या पिण्याच्या पाण्याचा अभ्यास करायचा आहे. विद्यार्थी एस.टी.तून उतरतो, ग्रामपंचायतीजवळच्या विहिरीतून बाटली भरतो, प्रयोगशाळेत देतो आणि अहवालात लिहितो की गावाचे पाणी पिण्यायोग्य आहे. यातला एकही आकडा खोटा नाही. तरीही अहवाल खोटा आहे. कारण गावाच्या टोकाला, सांडपाणी जिथे साचते तिथे वस्तीची हापशी आहे आणि तिचे पाणी कुणी तपासलेच नाही.

पुढचा धोका सरासरीचा आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. खतांतून आणि मलमूत्राच्या सांडपाण्यातून ते भूजलात उतरते. तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती त्यामुळे कमी होते. आता समजा, गावातल्या चार ठिकाणी नायट्रेट २० निघाले आणि वस्तीच्या हापशीवर ९५ निघाले. पाचांची सरासरी येते ३५. सरासरीने सारे गाव सुरक्षित ठरले आणि वस्तीतले बाळ मात्र विषारी पाणी पीत राहिले! म्हणून नमुने कोठून घ्यायचे हे आधी ठरवावे लागते. गावाचे भाग पाडून प्रत्येक भागातून नमुना घ्यावा लागतो आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा वेगळा मांडावा लागतो. शास्त्रात याला स्तरित नमुना निवड म्हणतात. ज्या देशात वस्त्याच जातीने पडलेल्या आहेत, त्या देशात हा केवळ गणिताचा विषय नाही, हे प्राध्यापकांनी वर्गात सांगितले पाहिजे.

बाकीचे कसबही असेच साधे, पण काटेकोर आहे. हापशी आधी काही मिनिटे चालवायची म्हणजे नळीत साचलेले पाणी निघून जाते. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने विसळायची. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली घ्यायची आणि ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. बाटलीवर जागा, तारीख, वेळ लिहायची. एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर नमुने घ्यायचे, कारण मे महिन्याचे आणि ऑक्टोबरचे पाणी सारखे नसते. पाणी भरणाऱ्या बायांशी वेगळे बोलायचे, कारण पाणी कधी गढूळ येते हे सरपंचापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते. हे सारे पुस्तक वाचून येत नाही. त्यासाठी कुणी तरी हापशीपाशी उभे राहून शिकवावे लागते.

अभ्यासाला विषय शोधायला दूर जाण्याची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यात दर्यापूर, भातकुलीकडे पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा आहे. तो पुढे अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत जातो. तिथले भूजल खारे आहे. वरुड-मोर्शीत संत्र्याच्या बागांसाठी उपसा करून करून पाणी खोल गेले आहे. चांदूर रेल्वेच्या जवळ पोहरा-मालखेडचे जंगल आणि मालखेडचा तलाव आहे. तिथल्या पक्ष्यांवर अभ्यासकांनी चांगले काम केले आहे आणि त्याचे आम्हाला मोलच आहे. पण त्याच परिसरात सोयाबीन-पऱ्हाटीवर पाठीवरच्या पंपाने फवारणी करणारा मजूरही आहे. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणते औषध कशात मिसळले, किती तास फवारले, वारा कोणत्या दिशेचा होता, हातमोजे कुणी दिले होते का, मजुरी दिवसाची होती की पंपाच्या हिशेबाने, या नोंदी माणूस दवाखान्यात पोहोचल्यावर गोळा होत नाहीत. त्या आधीपासून ठेवाव्या लागतात. हंगामभर दहा मजुरांची अशी नोंदवही ठेवणे, हा एम.ए.च्या विद्यार्थ्याचा उत्तम प्रकल्प होऊ शकतो.

कुणी म्हणेल, आकड्यांनी काय होते? वाचकहो, अमेरिकेकडे पाहा. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या वॉरेन काउंटीत, कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या भागात, विषारी माती पुरण्याविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि शेकडोंना अटक झाली. माती पुरली गेलीच. पण १९८७ साली तिथल्या एका चर्चच्या वांशिक न्याय आयोगाने देशभरातील घातक कचऱ्याच्या जागा पिनकोडनुसार तपासल्या आणि दाखवून दिले की कचरा कुठे जाणार हे ठरवणारा सर्वांत प्रभावी घटक वंश हा आहे. जे लोक सांगत होते, ते आता नकाशावर आले. त्यानंतर ते नाकारणे सोपे राहिले नाही.

आणि महाडचे काय? २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आमच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. पण त्यानंतर दहा वर्षे कोर्टात पुराव्याची लढाई चालली, हे किती जणांना माहीत आहे? अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी अनादिकाळापासूनची आहे, असा सवर्णांचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. पाण्याचा हक्क सत्याग्रहाने मागितला गेला आणि पुराव्याच्या कसोटीवर टिकला. बाबासाहेब स्वतः संशोधक होते. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी आकडेवारी तपासली आणि जमिनीचे तुकडे एवढाच रोग नसून शेतीवर बसून असलेली बेकार माणसे हे मूळ दुखणे आहे, असे प्रचलित मताविरुद्ध मांडले. त्यांच्या जयंतीला आम्ही गर्दी करतो. मग त्यांच्या अभ्यासपद्धतीकडे पाठ का?

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. संशोधन म्हणजे आपल्याला हवे ते सिद्ध करणे नव्हे. वस्तीच्या हापशीचे पाणी चांगले निघाले, तर ते चांगले आहे असेच लिहावे लागेल. परंपरा सांगते म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आमच्या मुलांनाही लागू आहे. आकडा वाकवणारा संशोधक समाजाचे एकदा भले करतो आणि पुढे कायमचा विश्वास घालवतो.

यासाठी आमचे म्हणणे थोडक्यात असे. संशोधन पद्धतीच्या तासिकांपैकी निम्म्या तरी गावात, शिवारात व्हाव्यात. जिल्ह्यातल्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळांचे दार विद्यार्थ्यांना मोफत उघडावे. क्षेत्रकार्याला प्रवासखर्च लागतो, बाटल्या-तपासणीला पैसे लागतात. मजुराच्या मुलीने ते कोठून आणायचे? २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली नाही, तर संशोधन हे पुन्हा खिशात पैसे असणाऱ्यांचेच राहील. आणि प्रत्येक प्रकल्पाचा निष्कर्ष सोप्या मराठीत दोन पानांत लिहून ग्रामसभेत वाचला जावा. ज्यांचे पाणी तपासले, त्यांना ते कसे निघाले हे कळलेच पाहिजे.

समाजातल्या नोकरदार वर्गालाही आमचे आवाहन आहे. पाण्यातील क्षार मोजणारे साधे टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळते. त्याने नायट्रेट किंवा जंतू कळत नाहीत, पण सुरुवात नक्की होते. प्रत्येक बुद्धविहारात एक मीटर, एक पर्जन्यमापक आणि एक नोंदवही ठेवली आणि गावातल्या एखाद्या पदवीधर मुलीने दर महिन्याला नोंद केली, तर पाच वर्षांत त्या गावाजवळ स्वतःचा पुरावा असेल. आजवर आम्ही इतरांच्या संशोधनाचा विषय होतो. आता मोजपट्टी आमच्या मुलांच्या हातात द्या. नमुना कोणत्या विहिरीतून घ्यायचा, हे यापुढे तीही ठरवतील. जयभीम!