जीपची उंची आणि पाट्यांचे बुश

बेंगळूरच्या दक्षिण भागातील जयनगर ही वसाहत 1940 च्या दशकाच्या अखेरीस आखण्यात आली. सरळ रस्ते, दुतर्फा झाडे आणि मधूनमधून चौक अशी तिची रचना आहे. या रस्त्यांवरून जाताना एखाद्या घरासमोर वाजवीपेक्षा उंच उभी असलेली जुनी जीप किंवा जिप्सी दृष्टीस पडते. अशा गाडीचा मालक आठवडाभर तिला शहरात हिंडवतो आणि सुट्टीच्या दिवशी सकलेशपूरकडील डोंगरवाटांवर नेतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या कडेकपारींतील कच्च्या रस्त्यांवरही अशा गाड्या आढळतात. दगडधोंड्यांतून जाताना गाडीचे पोट खाली घासू नये आणि मोठी चाके बसवता यावीत, हा उंची वाढवण्यामागील हेतू असतो. हेतू रास्त आहे. परंतु उंची वाढवताना ज्या एका लहानशा भागाकडे बहुधा दुर्लक्ष होते, त्याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. तो भाग म्हणजे पाट्यांच्या टोकांत बसवलेला बुश.

पाटे म्हणजे काय?

कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकीखाली एक रचून त्यांचे जुडगे बांधले की पाटा तयार होतो. घोड्याच्या बग्गीपासून मालमोटारीपर्यंत या साधनाने मनुष्याची सेवा केली आहे. 1945 साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीप जुळवावयास सुरुवात केली. त्या जीपची पुढची व मागची दोन्ही चाके पाट्यांवरच तोललेली होती. 1985 साली बाजारात आलेल्या मारुती जिप्सीचीही हीच रचना होती. 2010 सालच्या थारमध्ये पाटे केवळ मागे उरले आणि 2020 साली आलेल्या नव्या थारमध्ये त्यांची जागा सर्वस्वी गुंडाळी स्प्रिंगांनी घेतली. तरीही पाट्यांवरच्या सहस्रावधी गाड्या आजही रस्त्यांवर व जंगलांत धावत आहेत. ताडोबाच्या अरण्यात पर्यटकांना घेऊन फिरणाऱ्या उघड्या जिप्सी अनेकांनी पाहिल्या असतील.

पाट्याच्या सर्वांत लांब पट्टीची दोन्ही टोके वळवून सुईच्या नेढ्यासारखे गोल भोक केलेले असते. एका टोकाचे नेढे जाड बोल्टाने चेसिसला थेट जोडलेले असते. दुसरे टोक मात्र तसे जोडून चालत नाही. चाक खड्ड्यातून वर उचलले जाते, तेव्हा कमान सपाट होते आणि दोन नेढ्यांमधील अंतर वाढते. या वाढीला वाव मिळावा म्हणून दुसऱ्या टोकाला झोक्याप्रमाणे हलणारी एक जोडपट्टी असते. तिला शॅकल म्हणतात. म्हणजे गाडी चालत असताना पाट्याची दोन्ही टोके सतत थोडी थोडी फिरत असतात. लोखंड लोखंडावर घासू नये, यासाठी नेढ्यात बुश घालावा लागतो. जुन्या विलीज जीपच्या शॅकलमध्ये आटे असलेले धातूचे बुश असत आणि त्यांना वरचेवर ग्रीस पाजावे लागे. पुढे रबराचे बुश रूढ झाले.

रबराचे काम

रबराच्या अनेक बुशांची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी लहान नळी आणि दोहोंमध्ये घट्ट चिकटवलेले रबर. बाहेरची नळी नेढ्यात दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो व तो आवळला की ती नळी चेसिसच्या कानांमध्ये पक्की धरली जाते. पाटा हलतो तेव्हा यांतील कोणतीही नळी दुसऱ्या भागावर घसरत नाही, मधले रबरच पिळले जाते. ओला कपडा दोन्ही हातांनी धरून थोडा पिळावा आणि सोडावा, तसा हा प्रकार होय. पीळ थोडा असेल तर रबर वर्षानुवर्षे टिकते. पीळ कायमचा राहिला तर ते फाटते.

बुशावर आणखी एक जबाबदारी असते. पाट्यांच्या गाडीत ॲक्सलला जागेवर धरून ठेवण्याचे कामही पाटेच करतात. ब्रेक दाबल्यावर ॲक्सल पुढेमागे सरकू नये आणि वळणावर बाजूला ढळू नये, याचा सारा भार अखेरीस नेढ्यातील बुशांवर येतो. एका बाजूचा बुश झिजला, तर ॲक्सल किंचित तिरपे होते. गाडी सरळ जात असल्याचा भास होतो, प्रत्यक्षात ती खेकड्यासारखी कलती चालत असते आणि चालकाला सुकाणू सतत सावरावे लागते.

उंची वाढवल्यावर काय घडते?

पाट्यांच्या गाडीची उंची वाढवण्याचे मुख्य मार्ग तीन आहेत. अधिक कमान असलेले नवे पाटे बसवणे हा पहिला. लांब शॅकल लावणे हा दुसरा. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्यामुळे ती 2 इंच लांब केली, तर गाडी सुमारे 1 इंचच उचलली जाते. तिसरा मार्ग, ॲक्सलच्या खाली असलेला पाटा ॲक्सलच्या वर आणणे. विलीज जीप आणि जिप्सी या दोहोंत पाटे मुळात ॲक्सलखाली असतात, म्हणून या मार्गाने उंची बरीच वाढते. मात्र ब्रेक दाबताना किंवा जोराने गाडी हाकताना पाटा पिळवटण्याचा धोकाही त्याच प्रमाणात वाढतो.

मार्ग कोणताही असो, गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर बुशांवर येणारा भार वाढतो. पहिल्या दोन मार्गांत पाट्याचा चेसिसशी असलेला कोनही बदलतो. जुने बुश जुन्या कोनात आवळलेले असतात. बोल्ट सैल न करता नुसती शॅकल बदलली, तर त्यांचे रबर गाडी उभी असतानाही पिळलेलेच राहते. शिवाय पुढच्या पाट्याची शॅकल पुढील टोकाला असेल, तर ती लांब केल्याने ॲक्सल पुढे झुकते. वळणानंतर चाके आपोआप सरळ येण्याचा गुण त्यामुळे कमी होतो. त्यातच बुश झिजलेले असले, तर ठराविक वेगाला सुकाणू हातात थरथरू लागते. घाटाच्या उतारावर, मागे माणसे बसलेली असताना, हा अनुभव जिवावर बेतू शकतो.

बुश बदलण्याची रीत

प्रथम जुन्या बुशांची परीक्षा करावी. नेढ्याजवळ पहार घालून हळूच रेटले असता बोल्ट मध्यभागावरून ढळतो का, रबराला भेगा पडल्या आहेत का, गंजाची तांबूस पूड दिसते का, हे पाहावे. ब्रेक दाबताना खालून ‘टक्’ असा आवाज येणे हेही एक लक्षण होय.

काम सपाट व टणक जमिनीवरच करावे. चाकांना अडणी लावावी, चेसिस उचलून मजबूत स्टँडवर टेकवावी आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. गंजलेल्या बोल्टांना आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवले म्हणजे दुसऱ्या दिवशीचे श्रम वाचतात. यू-बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सैल करावेत. पाट्यात ताण साठलेला असतो, हे विसरू नये.

जुना बुश काढण्यासाठी रबर जाळण्याची पद्धत काही गॅरेजांत आढळते. ती टाळलेली बरी. धूर घातक असतो आणि ज्योतीच्या उष्णतेने पाट्याच्या पोलादाचे पाणी उतरते. त्यापेक्षा लांब आट्याची सळई, योग्य मापाची नळी व वॉशर यांच्या साहाय्याने बुश ओढून काढावा. नेढे पॉलिश कागदाने साफ करावे आणि त्याला तडा नाही याची खात्री करावी. नवा बुश बसवताना रबराला साबणाचे पाणी लावावे. साध्या ग्रीसने किंवा तेलाने नैसर्गिक रबर फुगते व लवकर खराब होते. पॉलियुरेथेनचे बुश मात्र निराळे. त्यांत आतली नळी प्रत्यक्ष फिरते, म्हणून त्यांना त्यांच्यासाठी सांगितलेले ग्रीस लागतेच. ते अधिक टिकतात, पण कडक असल्याने धक्के जास्त जाणवतात आणि ग्रीस सुकले की ते कुरकुरतात. जयनगरपासून थोड्याच अंतरावर असलेल्या जे. सी. रोडवर सुट्या भागांची असंख्य दुकाने आहेत. तेथे दोन्ही प्रकारांविषयी चौकशी करता येते, मात्र नमुन्यादाखल जुना बुश सोबत न्यावा.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच पुष्कळदा चुकते. ॲक्सल लोंबकळत असताना नेढ्यांचे बोल्ट पूर्ण आवळू नयेत. ते हाताने बसतील इतकेच लावावेत. चाके चढवून गाडी जमिनीवर आणावी, चारही बाजूंनी दाबून हलवावी आणि आपल्या संपूर्ण वजनाने ती स्थिरावली की मगच बोल्ट पक्के आवळावेत. म्हणजे रबराची विश्रांतीची अवस्था गाडीच्या नव्या उंचीशी जुळते. लोंबकळत्या अवस्थेत आवळलेला नवा बुश पहिल्या दिवसापासून पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. दोष मात्र बुश बनवणाऱ्याला दिला जातो. यू-बोल्ट शक्यतो नवे घ्यावेत आणि शंभर-दीडशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत.

शेवटी काही गोष्टी पडताळाव्यात. ब्रेकच्या रबरी नळ्या पूर्ण ताणल्या तरी पुरतात का, धक्कारोधक पुरेसे लांब आहेत का, प्रोपेलर शाफ्टचा कोन फार वाढला नाही ना, आणि दोन्ही बाजूंनी पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर सारखे भरते का? कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 ने वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा कडक अर्थ लावला आहे. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे हिताचे.

उंच गाडी पाहणाऱ्याच्या नजरेत भरते ती तिच्या मोठ्या चाकांमुळे. ती रस्त्यावर सरळ राहते मात्र नेढ्यांत दडलेल्या रबरामुळे. ज्याला उंची हवी आहे, त्याने खर्चाचा हिशेब मांडताना बुशांची रक्कम आधी बाजूला काढावी आणि मग पाट्यांच्या व चाकांच्या किमती विचाराव्यात.